जिनिव्हाचं बिऱ्हाड लॅम रोडला

जागतिक आरोग्य संघटनेला जिनिव्हाचा खर्च परवडेनासा झाला आहे. 2025 साली संघटनेने आपले 76 विभाग मोडून 34 केले, वरिष्ठ नेतृत्वाच्या 14 खुर्च्यांच्या 7 केल्या, शेकडो माणसांना घरचा रस्ता दाखवला आणि काही कामं स्वस्ताईच्या गावी हलवण्याचा विचार सुरू केला. स्वस्ताईचं गाव म्हटल्याबरोबर देवळाली कॅम्पात लॅम रोडवरच्या आमच्या चहाच्या टपरीने कान टवकारले. जिनिव्हाने जाहिरात काढायच्या आधीच आमचा अर्ज तयार आहे. विषय : संघटनेचं मुख्यालय देवळाली कॅम्प, जिल्हा नाशिक येथे हलवणेबाबत. मसुदा वाचकांपुढे ठेवत आहोत. हरकती लेखी द्याव्यात. तोंडी हरकती टपरीवर रोजच होतात.

जागेची अडचण नाही. मुंबईच्या पारशी, गुजराती, जैन शेठांना इंग्रजांच्या काळातच इथली कोरडी हवा मानवली आणि त्यांनी इथे सॅनेटोरियमं बांधली. दुखण्यातून उठलेली माणसं महिना-महिना येऊन राहत. हवा हेच औषध, वेळेवर जेवण हेच पथ्य आणि दुपारची झोप हा उपचार. आता त्याच खोल्यांत मे महिन्यात मुंबईची कुटुंबं पत्ते कुटायला उतरतात, एरवी पाली राहतात. व्हरांडे एवढे लांब आहेत की 34 विभाग मांडूनही मधे दोरीवर टॉवेल वाळत घालायला जागा उरेल. आमच्या बैठकीतल्या बावाजींची एकच अट आहे की साथरोग विभागाला टोकाची खोली द्यावी. शिवाय काही सॅनेटोरियमांत कांदा-लसूण चालणार नाही, हे जिनिव्हाला आधीच कळवलेलं बरं, मागाहून कुरकुर नको.

पैशाचं म्हणाल तर नाशिकरोडचा नोटांचा छापखाना रिक्षाच्या अंतरावर आहे. 1928 पासून तिथे नोटा छापतात. ज्या संघटनेला पैशावाचून अंथरूण आखडावं लागतं तिने नोटांच्या इतक्या जवळ राहावं, यात मानसिक आधार मोठा आहे. याहून जास्त आधाराची हमी आम्ही देत नाही. छापखान्याच्या शेजाराने खिसा भरत असता तर नाशिकरोडला कुणी कुणाकडे उसने मागताना दिसलं नसतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकातच आहे, तेव्हा पदवीदान समारंभाला पाहुणे शोधायचाही त्रास वाचेल. आणि रस्त्यांची काळजी नको. 2027 चं सिंहस्थ जवळ आलंय; सध्या नाशिकात सिंहस्थाच्या नावाने काहीही मंजूर करून घेता येतं. साधूंबरोबर डॉक्टरांचीही सोय होऊन जाईल.

सुरक्षेबद्दल तर बोलायलाच नको. स्कूल ऑफ आर्टिलरी इथेच आहे. टपरीवरचे आमचे सुभेदारसाहेब तोफखान्यातूनच निवृत्त झालेत. त्यांना आम्ही महासंचालक टेड्रोस यांचं 2025 च्या मे महिन्यातलं भाषण समजावून सांगितलं. संघटनेला वर्षाला 2.1 अब्ज डॉलर लागतात आणि जगातली सगळी सैन्यं मिळून तेवढे पैसे 8 तासांत खर्च करतात, असं ते म्हणाले होते.

"आठ तास म्हणजे एक ड्यूटी," सुभेदारसाहेब म्हणाले.

"म्हणजे साहेब, सगळ्या जगाच्या फौजांनी वर्षातून एक ड्यूटी सुट्टी घेतली, तर संघटनेचं वर्ष निघतं."

"घेतील की. पण सुट्टी मंजूर कोण करणार?"

त्याच भाषणात आणखी एक हिशेब होता. एवढीच रक्कम म्हणजे तंबाखूवाल्या कंपन्या जाहिराती आणि प्रचारावर वर्षाला जे उधळतात त्याचा चौथा हिस्सा. टपरीवाल्याने हे ऐकलं आणि लटकत्या पुड्यांची माळ हळूच आत सरकवली. संघटनेचा प्रभाव अगदीच ओसरलेला नाही, याचा हा प्रत्यक्ष पुरावा अर्जासोबत जोडावा, असं ठरलं. थोड्या वेळाने गिऱ्हाईक आलं आणि पुरावा पुन्हा बाहेर लटकला.

आता ही वेळ आली कशी, हे बैठकीला सांगणं भाग होतं. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली आणि त्याच दिवशी संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. दिवसाभरात सह्या पुष्कळ झाल्या, त्यातली ही एक. परदेशी मदतही त्याच दिवशी 90 दिवसांसाठी थांबवली. 90 दिवस पुरे व्हायच्या आत, मार्चमध्ये, यूएसएड या अमेरिकेच्या मदतखात्याचे 83 टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं परराष्ट्रमंत्री रुबियो यांनी जाहीर केलं आणि 1 जुलैला ते खातंच परराष्ट्र मंत्रालयाच्या पोटात गेलं. 1948 साली संघटनेत शिरताना अमेरिकेनेच लिहून दिलं होतं की सोडायचं झालं तर वर्षभराची नोटीस देऊ आणि चालू वर्षाची वर्गणी चुकती करू. नोटीस दिली, वर्षही भरलं आणि 22 जानेवारी 2026 ला अमेरिका बाहेर पडली. 2024 आणि 2025 ची वर्गणी मात्र राहून गेली.

सुभेदारसाहेबांना हे मुळीच पटलं नाही. "आमच्यात बदली झाली तर मेस, कँटीन, लायब्ररी, सगळ्यांची क्लिअरन्स आणल्याशिवाय मूव्हमेंट ऑर्डर हातात पडत नाही. एका पुस्तकासाठी माझी गाडी चुकली होती. आणि हे अख्खं राष्ट्र बिनाक्लिअरन्सचं गेलं?"

गेलं. मागोमाग अर्जेंटिनानेही तेच जाहीर केलं. ब्रिटनने दार आपटलं नाही, तो सभ्य देश आहे. त्याने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणायचं ठरवलं आणि वाचलेला पैसा संरक्षणाकडे वळवला. एकेकाळी ज्यांचे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत याच कॅम्पात महिनोन्‌महिने पडून असत, त्यांच्याकडून तोफेला झुकतं माप मिळणं आम्हाला तरी नवीन नाही. चीनने तेवढ्यात 5 वर्षांत 50 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. एकाने खुर्ची सोडली की दुसरा रुमाल टाकतोच, हे नाशिकरोड स्टेशनवर गाडी पकडणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आणि अमेरिकेने मदत सोडली असं म्हणणंही चूक. तिने फक्त मधला माणूस काढला. 2025 च्या सप्टेंबरात तिने 'अमेरिका फर्स्ट' नावाचं जागतिक आरोग्याचं धोरण आणलं. नावातच जग मागच्या रांगेत आहे, पण ते असो. आता एकेका देशाशी वेगळा सौदा. डिसेंबरात पहिला करार केनियाशी झाला. अमेरिका 5 वर्षांत 1.6 अब्ज डॉलर देईल आणि केनियाने स्वतःचा खर्च वाढवायचा. सोबत रुग्णांच्या माहितीची देवाणघेवाण. तिथलं हायकोर्ट जागं होतं. माहिती देण्याच्या कलमाला त्याने लगेच स्थगिती दिली. मदत घेताना आधार कार्डाची झेरॉक्स कुठे कुठे जाते याचा अनुभव असलेल्या आमच्या टपरीने या हायकोर्टाला एकमताने धन्यवाद दिले.

जिनिव्हात दरम्यान स्वस्थता नव्हती. 20 मे 2025 ला महासाथीचा करार मंजूर झाला. आदल्या दिवशी समितीत मतदान झालं होतं : बाजूने 124, विरोधात शून्य, तटस्थ 11. पुढच्या साथीत लस आणि औषध श्रीमंतांनी आधी ओढून नेऊ नये, यासाठी तीन वर्षं घासाघीस करून हा करार झाला. पण जंतूंचे नमुने कुणी कुणाला द्यायचे आणि बदल्यात लस किती मिळायची, हे परिशिष्टात लिहायचं ठरलं, आणि परिशिष्ट मागे ठेवलं. ते होईपर्यंत करारावर सह्या सुरू होत नाहीत. म्हणजे करार एकमताने झाला, फक्त ज्यावर एकमत नव्हतं तेवढं बाहेर राहिलं. पाणीपुरवठ्याची योजना नळ वगळून मंजूर झालेली आम्ही पाहिली आहे, त्यामुळे हे काम पुढे कसं जाणार याचा अंदाज आहे.

इथवर बैठक हसतखेळत चालली होती. मग कुणीतरी कल्याण आणि पुण्याचं नाव काढलं.

हैदराबाद, कल्याण आणि पुणे अशा तीन ठिकाणी अमेरिकेच्या पैशावर तृतीयपंथीयांसाठी 'मित्र' नावाचे दवाखाने चालत. एचआयव्हीची तपासणी आणि औषधं, संप्रेरकांबद्दल सल्ला, मनाच्या दुखण्यावर बोलणं, सगळं एका छताखाली, आणि मुख्य म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर कुणी वळून बघत नसे. काम करणाऱ्यांतही याच समाजातले लोक होते. 2025 च्या जानेवारीत वॉशिंग्टनहून काम थांबवण्याचा हुकूम आला आणि तिन्ही बंद पडले. हैदराबादचा दवाखाना पुढे टाटांच्या मदतीने दुसऱ्या नावाने सुरू झाला. या दवाखान्यांवर आम्हाला विनोद सुचला नाही. सुचतो तो आपल्यावर. जगातली चौथी-पाचवी अर्थव्यवस्था म्हणवून घेणाऱ्या देशात, हैदराबाद-मुंबई-पुण्यासारख्या श्रीमंत पट्ट्यांत, तीन दवाखान्यांचा खर्च अमेरिकेतला करदाता करत होता आणि त्याने हात काढेपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

जगाला एकमेकांच्या आरोग्याची काळजी वाटू लागली ती मुळात प्रेमापोटी नव्हेच. 1894 ला हाँगकाँगात प्लेग फुटला, 1896 ला तो बोटीने मुंबईत उतरला. 1897 ला युरोपातली राष्ट्रं व्हेनिसला जमली आणि त्यांनी प्लेगवर परिषद भरवली. काळजी मुंबईकरांची नव्हती. मुंबईची बोट आणि हज यात्रेकरू युरोपात प्लेग आणतील ही धास्ती होती. शास्त्रज्ञ हाफकिन त्याच वर्षी मुंबईत स्वतःच्या अंगावर प्लेगची लस टोचून बघत होते. आणि 1899 ला प्लेग भगूरला पोचला. कॅम्पाला लागूनच असलेल्या भगूरला. सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत त्यात गेले. हाँगकाँग ते भगूर हा प्रवास प्लेगने पाच वर्षांत केला, आणि त्याला कुठल्याच परिशिष्टाची वाट बघावी लागली नाही. 1918 चा इन्फ्लुएन्झा तर सैनिकांच्या बोटींबरोबरच मुंबईत आला आणि देशात कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला.

भीतीने का होईना, कामं मात्र झाली. सुभेदारसाहेबांनी बाही वर करून दंडावरचा देवीचा व्रण दाखवला. देवी काढायच्या त्या मोहिमेचा ठराव संघटनेत मांडला सोव्हिएत रशियाने, लशीचे कोट्यवधी डोस दिले रशियाने, मोहिमेचा प्रमुख अमेरिकन, आणि दोघांची क्षेपणास्त्रं त्या वेळी एकमेकांवर रोखलेली. भारतात देवी 1975 ला संपली, जगातून गेल्याचं 1980 ला जाहीर झालं. शीतयुद्धात जमलं ते आता जमत नाही, कारण बहुधा आता तेवढं गोठण्याइतकंही नातं कुणाचं कुणाशी उरलेलं नाही.

मुख्यालय इथे यायचं तर पाहुण्यांपुढे घर कसं दिसतं, हेही बघायला हवं. अमेरिकेला नावं ठेवताना आम्ही टपरीवर आवाज जरा बेतानेच ठेवतो. 2021 च्या मार्चमध्ये दुसरी लाट उसळली आणि पुण्याच्या सीरममधून आफ्रिकेकडे, इतर गरीब देशांकडे जाणारी लस आपण थांबवली. कोव्हॅक्स या लसवाटपाच्या जागतिक योजनेला ती पुन्हा मिळायला नोव्हेंबर उजाडला. घरात माणसं मरत असताना दुसरं काय करणार होतो, हा प्रश्न खरा आहे. पण तो प्रत्येक देशाला खराच वाटतो. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि 20 हून अधिक रुग्ण प्राणवायूवाचून गेले. जगाच्या परिषदांमध्ये जंतूंच्या मालकीवर तीन वर्षं बोलतात. टाकीच्या देखभालीवर एक तासही बोलल्याचं ऐकिवात नाही.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आपण लिहिलं की 2025 पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. 2021-22 ला तो 1.84 टक्के होता, आणि तेही कोविडचं वर्ष. 2025 पर्यंतच टीबी संपवायचा होता, जगाच्या पाच वर्षं आधी. जगातला दर चौथा टीबी रुग्ण आजही भारतातला आहे. रुग्णाला पोषणासाठी महिन्याला 500 रुपये मिळत, ते 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000 झाले, हे चांगलं झालं. त्याच वर्षी मार्चच्या सुमारास गोळ्याच कमी पडल्या आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करा म्हणून कळवलं. या तुटवड्यात ना ट्रम्प होते ना जिनिव्हा. तो संपूर्ण स्वदेशी होता.

हे सगळं ऐकून घेणाऱ्या नाणेगावकडच्या आशा स्वयंसेविका, आमच्या आशाताई, अजून काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांचं रजिस्टर मांडीवर होतं आणि त्या गोवराच्या डोसाची यादी पुरी करत होत्या. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या 10 लाख आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला होता. म्हणजे कागदोपत्री ताई जागतिक नेत्या आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या याच जागतिक नेत्या आझाद मैदानावर दिवसरात्र बसल्या होत्या, कारण कबूल केलेल्या वाढीचा कागद निघत नव्हता. मार्चमध्ये 5 हजारांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. निर्णय निघणं आणि पैसे खात्यात येणं यांच्यामधलं अंतर ताईंना पायी माहीत आहे.

"जिनिव्हातल्या साहेबांना पगाराची शाश्वती राहिली नाही म्हणतात," आम्ही त्यांना म्हणालो.

"सांगा त्यांना, पहिले तीन महिने जड जातात," ताई रजिस्टरातून मान वर न करता म्हणाल्या. "मग किराणावाला ओळखायला लागतो."

टेड्रोससाहेबांना प्रशिक्षणासाठी ताईंच्या हाताखाली दोन आठवडे द्यावेत, असा पोटनियम अर्जात त्याच क्षणी घालण्यात आला. पुरस्काराची परतफेड म्हणून आशांनीही संघटनेला एक प्रमाणपत्र द्यावं, अशी सूचना आली. ताईंनी विचारलं, छपाईचा खर्च कुणाच्या माथी? सूचना मागे घेण्यात आली.

आता अर्ज पाठवायचा, तर ना हरकत कुणाची घ्यायची इथे घोडं अडलं. कॅम्पाचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. बोर्डाची निवडणूक 30 एप्रिल 2023 ला ठरली होती. उमेदवारांनी फ्लेक्स लावले, हात जोडले, आणि मार्चमध्ये निवडणूकच रद्द झाली. का, तर देशभरच्या कॅन्टोन्मेंटमधला नागरी भाग बाजूला काढून शेजारच्या पालिकेला जोडायचा. हिमाचलातलं योल त्याच एप्रिलमध्ये मोकळं झालं. देवळालीचं नावही यादीत आलं. तेव्हापासून कॅम्पात एकच चर्चा. कुणी म्हणतं नाशिक महापालिकेत जाणार, कुणी म्हणतं भगूरला जोडणार, कुणी म्हणतं वेगळी नगरपरिषद होणार. घरपट्टी वाढेल का, बांधकामाची परवानगी मिळेल का, आणि बोर्डाचा दवाखाना कुणाच्या पदरात पडेल, त्यातल्या नर्सचा पगार कुठल्या शिक्क्याने निघेल. या शेवटच्या प्रश्नावर फ्लेक्स एकानेही लावला नव्हता.

खरं तर आमच्या अर्जातली सर्वांत मोठी पात्रता हीच आहे. मालक कोण हे ठरलेलं नाही, निवडून आलेलं कुणी नाही, पैसा येईल का माहीत नाही, आणि सकाळी दवाखान्याबाहेर रांग मात्र लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेला असल्या परिस्थितीत काम करायची सवय आता कुठे लागते आहे. आम्ही त्यात मुरलेले आहोत.

तेव्हा ना हरकत मिळेपर्यंत अर्ज टपरीवरच्या बरणीखाली ठेवला आहे. वाचकांनी तोवर एवढंच करावं. आपल्या भागातल्या आशाताईंना थांबवून विचारावं की मागच्या महिन्याचा मोबदला जमा झाला का. आला असेल तर तारीख आम्हाला कळवावी, अर्जाला जोडू. आला नसेल तर जिनिव्हाला कळवायचं कारण नाही. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारा, आणि पोच घ्यायला विसरू नका.